तीन रविवारांची गैरहजेरी

वारंगा फाट्यावरची जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, हे हरीशला त्या रविवारी सकाळी कळलं. नांदेडहून परतताना त्याची मोटारसायकल पंक्चर झाली, म्हणून बिचारा इस्त्रीच्या शर्टासकट जीपच्या मागच्या बाकावर कोंबला गेला. समोर मांडीवर बायबल ठेवून एक मुलगी बसली होती. जानेवारीची थंडी, शालीत गुंडाळलेला चेहरा... आणि उघडे राहिलेले दोन डोळे सरळ त्याच्याकडे बघत होते.

"तुमी कळमनुरीच्या चर्चातल्या उत्तमराव पंचांचे हरीश ना?"

"व्हय. तुमी—?"

"दिपा. तांड्यावरच्या अंगणवाडीत शिकवते. बारा वर्षं तुमच्याच चर्चात येऊन राहिले. पर तुमी पुढच्या बाकावर, आमी दाराशी... दिसणार कसं?"

"दाराशी काहून बसता?"

"आज कळंल तुमाला."

कळलंच. आठच्या उपासनेला जीप पावणेनऊला पोचली. पहिलं गीत संपलं होतं, हजेरीची वही मिटली होती. गीतानंतर येईल त्याची हजेरी नाही. सलग तीन रविवार हजेरी नसेल त्याला वार्षिक सभेत मत नाही. हा नियम उत्तमरावांनी गावातल्या आळशांसाठी केला होता. आळशी सुटले, तांड्यावरची अकरा घरं सापडली. आणि वेळ आठचीच का? तर जुने पाळक नंतर सायकलवर दुसऱ्या गावी उपासना घ्यायला जायचे म्हणून. पाळक वारून सतरा वर्षं झाली होती, वेळ मात्र जागची हलली नव्हती.

उपासना सुटल्यावर दिपा म्हणाली, "तीन आठवड्यांनी सभा हाय. उपासना अकराला करा, अशी मागणी मी मांडणार."

"मत न्हाई त्याला बोलता येत न्हाई सभेत."

"मी तर उभी राहणार. खाली कोण बसवतंय ते बघते."

ती हे हसत म्हणाली, पण तिची हनुवटी जराही खाली आली नाही. हरीश तिथंच घायाळ झाला, आता लपवण्यात काय अर्थ!

पुढच्या रविवारी भल्या पहाटे तो मोटारसायकलवर फाट्यावर आला, गाडी चहाच्या टपरीमागे लावली आणि जीपमध्ये जाऊन बसला.

"गाडी दुरुस्त न्हाई झाली?" दिपानं विचारलं.

"झाली की."

"मग?"

"जीपमध्ये ऊब असते..."

दिपानं घाईघाईनं बाहेरच्या तुरीकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "थट्टा नका करू. अजून एकदा उशीर झाला तर तुमचं मत जाईल. बाबा काय म्हणतील?"

"तेच तर ऐकायचंय."

तिसऱ्या रविवारीही तो आला. घरी उत्तमरावांनी त्याच्या पहाटेच्या भटकंतीचा उद्धार केला. त्यानं मुकाट ऐकून घेतला.

सभेच्या दिवशी मत नसलेल्यांची यादी सेक्रेटरी पुनमचंद यांनी वहीवरून काढून उत्तमरावांच्या हाती दिली. ते खणखणीत आवाजात वाचू लागले. प्रेमदास, नीलाबाई, दिपा... आणि मग अडखळले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हरीश... उत्तमराव." त्यांनी मान वर केली. "तू तर तिन्ही रविवारी चर्चात हुतास."

"हुतो, बाबा. दाराशी. तांड्याच्या माणसांसंगं जीपनं आलो."

"नाव कसं गेलं मग?"

"तुमच्याच नियमानं. ह्यांचं जातं तसंच."

दिपा उभी राहिली. "साहेब, आमी पाचला उठून फाट्यावर येतो. सवलत नको आमाला. फक्त उपासना अकराला करा."

उत्तमराव हट्टी होते, पण खोटे नव्हते. पोराचं नाव यादीतून वगळावं तर नियम मोडतो आणि नियम पाळावा तर पोराचं मत जातं. शेवटी आताच्या पाळकांनी विचारलं, "अकराच्या वेळेला कोणाची संमती?" तेव्हा पहिला हात उत्तमरावांचाच वर झाला. मग बाकीचे झाले.

"आन् हजेरी शेवटच्या आशीर्वादापर्यंत लागंल," ते म्हणाले. "ही यादी फाडा."

बाहेर लिंबाखाली दिपा हरीशसमोर आली. "तांड्यासाठी तुमी लई केलं."

"तांड्यासाठी म्हणलो तर खोटं होईल... मला तुझ्यासमोर बसायचं हुतं, दिपा. मला तू पाहिजेस, जन्मभरासाठी."

"सभा झाली की तुमी यायचे बंद व्हाल, ह्याच भीतीनं मला रात्रभर झोप न्हाई. सभेतल्या मागणीची काळजी नव्हती एवढी."

"मग... व्हय म्हण की."

"व्हय. पर तुमचे बाबा? वेळ बदलणं येगळं, तांड्यावरची सून करून घेणं येगळं."

"मी सांगतो त्यांना. आजच."

"एकट्यानं न्हाई." दिपानं शाल खांद्यावर नीट घेतली आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. "चला."

आत उत्तमराव खडूनं फळ्यावर नवी वेळ लिहीत होते. त्यांनी वळून पाहिलं, तरी तिनं हात सोडला नाही.