हरलेल्या पेठेचं उघडं दार

आकाराममामांच्या चप्पल शिवायच्या छत्रीखाली दोघं एकदमच येऊन ठेपली. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याच्या बुटाचा तळ उलगडलेला. एप्रिलचं डांबर तापलेलं... संयोगिता एका पायावर उभी. तोही.

"बगळ्यागत किती येळ उभं ऱ्हाणार?" त्यानं विचारलं.

"तुमचं फाटकं बूट शिवून हुईस्तोवर. निशाण तालमीचं न्हवं पावणं? बूट तसलं, खेळ बी तसलाच!"

जोतीराम खळखळून हसला. तो निशाण तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. ही चिंचेच्या तालमीच्या पेठेतली, तिथल्या स्ट्रायकरची, भाऊसोची, बहीण. दोन पेठांत रस्ता एकच, खुन्नस मात्र आज्यापासनंची.

"फायनल जिंकलो की मिरवणूक तुमच्या दारावरनं जाणार," तो म्हणाला. "दार लावून, लाईट घालवून बसणार न्हवं, हरलेल्या पेठेच्या रीतीपरमानं?"

"आदी जिंका तर. मग बघू."

त्या मोसमात तिची चप्पल सारखीच तुटू लागली, त्याचा बूटही.  मामा शिवायला मुद्दाम वेळ लावू लागले.

फायनलला निशाण तालीम एका गोलनं पुढं होती. शेवटाला चिंचेच्या तालमीला पेनल्टी मिळाली. मारायला भाऊसो, समोर जोतीराम. संयोगितानं डोळेच मिटले... उघडले तेव्हा बॉल जोतीरामच्या छातीशी होता, आणि चिंचेच्या तालमीच्या मुक्या झालेल्या लाल गॅलरीत टाळी एकच वाजली होती — तिची!

दिवेलागणीला हलगी जवळ आली. पेठेतली दारं पटापटा लागली.

"दार उघडलंस तर मला भन न्हाय," भाऊसो दारात आडवा झाला.

तिनं ताटात निरांजन लावलं. तांब्या उचलला. "हरलाय तुमी, दादा. चोरी न्हाय केली. मी का तोंड लपवू?"

कोपऱ्यातनं तिचे वडील, आण्णा, एवढंच म्हणाले, "भाऊसो... सर बाजूला."

अख्ख्या अंधाऱ्या पेठेत एकच दार उजळलं. हलगी थांबली. गुलालानं माखलेला जोतीराम पुढं आला, आणि न सांगता त्यानं मामांनी शिवलेले ते बूट काढले. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. ओवाळलं. ज्योत हलत होती... हात नाही.

"कुठल्या तालमीची गं तू?" भाऊसो मागनं ओरडला.

"चिंचेच्याच! मरूस्तोवर." ती वळलीसुद्धा नाही. "पर गोलकीपर... माझा हाय."

जोतीरामचे कान गुलालाहून लाल झाले.

पुढल्या फायनलला निशाण तालमीच्या निळ्या गॅलरीत, सासूच्या शेजारी, लाल साडीतली एक नवी नवरी घसा फोडून ओरडत होती —

"मार दादा, मार! त्यो डावीकडं उडतोय!"