रत्नम्माचा घसा बसला तेव्हा

कंधार मागं पडलं, रस्ता माळावर चढला आणि शिवानीला ती दोघं दिसली. बॉनेट उघडं टाकलेली एक जुनी जीप, तिच्यातून निघणारी वाफ, बाभळीच्या विरळ सावलीत दगडावर बसलेली एक म्हातारी, आणि हातातल्या टॉवेलनं वारा घालणारा एक उंच तरुण.

शिवानीनं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली.

"टॉवेलनं इंजिन थंड होतं का हो?"

"इंजिनाला न्हाई घालत," तो वळून म्हणाला, "मलाच घालून राहिलो. ते काय आता थंड होत न्हाई."

शिवानी हसली. शेजारी बसलेली तिची मैत्रीण अंजू मात्र हसली नाही. मे महिन्याच्या उन्हात थांबायला तिचा सुरुवातीपासूनच विरोध होता.

"कुठं जायचंय?"

"जळकोटला. तिथं गाण्याचा महोत्सव हाय..."

"आम्हीपण तिकडंच निघालोय. बसा."

म्हातारीनं पुढचं काही ऐकून घेतलं नाही. तिनं पदर सावरला, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि अंजूकडं बघत उभी राहिली. अंजू मुकाट्यानं मागं गेली.

म्हातारीचं नाव रत्नम्मा. तिचं गाव उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेलगत. अर्धी कानडी, अर्धी मराठी अशी लग्नातली, बारशातली गाणी ती लहानपणापासून गात आली होती. पण लोकांच्या दारातच. स्टेजवर बोलावणं आलं ते या वर्षी पहिल्यांदाच. तरुण तिचा भाचा, सोमेश. गावात त्याची शेती होती आणि एक छोटी डाळमिल. आत्या गायची, तो दिमडी वाजवत तिला साथ द्यायचा. आदल्या रात्री दोघं कंधारला नातलगांकडं मुक्कामाला होती; जीप त्यानं तिथल्याच मेकॅनिकच्या भरवशावर रस्त्यात सोडली होती.

"आन तू काय करतीस गं बाई?" रत्नम्मानं विचारलं.

"मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, पाठ, खांदे... व्यायाम करून घेते लोकांकडून."

"लगीन?"

"ठरतंय," मागून अंजूनं सांगून टाकलं. "मुलगा पुण्याला कंपनीत आहे. हिनं फक्त हो म्हणायचं राहिलंय."

आरशात शिवानीला सोमेश दिसला. तो खिडकीबाहेर बघत होता.

अंजूचं खरं होतं. स्थळ चांगलं होतं. शिवानीचे वडील संगप्पा, नांदेडच्या मोंढ्यातले भुसार व्यापारी, त्यांना पसंत होतं. मुलात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. शिवानी त्याला दोनदा भेटली होती आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर त्याचा चेहरा आठवायला तिला जरा वेळ लागला होता. "रविवारी सांगते अप्पा," असं म्हणून ती शनिवारी सकाळी अंजूला घेऊन जळकोटचा महोत्सव बघायला बाहेर पडली होती.

माळ उतरेपर्यंत रत्नम्मा गायला लागली. दारात आलेल्या पाहुण्याला घरातली बाई प्रश्न विचारते आणि तो उत्तरं देतो, असं ते गाणं होतं. बाईचे प्रश्न रत्नम्माचे, पाहुण्याची उत्तरं सोमेशची.

"कवाडात कोण उभं, नाव सांगा..."

"वाटसरू मी बाई, पाणी मागा..."

"पाणी मागतो की पाणी मागा?" शिवानीनं आरशात बघत विचारलं.

"मागा," सोमेश म्हणाला. "आत्याच्या आईनं तसंच म्हटलंय. चूक हाय, पर दुरुस्त करायला आता ती न्हाई."

"मग राहू द्या चूक."

"हाव. राहू द्या."

तिसऱ्या कडव्यापर्यंत शिवानीच्या तोंडात चाल बसली. ती रत्नम्माच्या मागोमाग प्रश्न गुणगुणू लागली. लहानपणी शाळेत ती गायची, त्यानंतर कुणी गा म्हटलं नव्हतं. सोमेशची बोटं दिमडीवर पडत होती आणि आरशात दोघांची नजर एकदा भेटली, दोनदा भेटली... तिसऱ्यांदा शिवानीनं आरसा थोडा वर सरकवला.

"दिसत होतं की मागचं नीट," सोमेश हळूच म्हणाला.

"म्हणूनच सरकवला," शिवानी म्हणाली.

जळकोट जवळ आलं तेव्हा रसवंती दिसली. शिवानीनं सगळ्यांसाठी उसाचा रस सांगितला. सोमेशनं "आत्याला बर्फ नको" म्हणेपर्यंत रत्नम्माचा पेला अर्धा रिकामा झाला होता.

"एवढ्या उन्हात पिऊ द्या की हो त्यांना," शिवानी म्हणाली आणि तिनं दुसराही पेला मागवला. बर्फ घालून.

पाच वाजता, मांडवामागं कडुनिंबाखाली बसल्या बसल्या, रत्नम्माचा आवाज गेला. आधी तो खरखरला, मग चिरला, मग नुसता वारा उरला. संयोजक मलप्पा धावत आले. कोमट पाणी झालं, हळद झाली, मध झाला. काही उपयोग झाला नाही.

"दुसऱ्या कुणाला तरी उभं करतो मावशी," मलप्पा म्हणाले. "तुम्ही पुढच्या वर्षी या."

रत्नम्मानं मान खाली घातली. तिनं या दिवसासाठी नवं इरकल घेतलं होतं; दुपारभर त्याचे काठ चुरगळू नयेत म्हणून जपलं होतं. आता ते काठ तिच्या मुठीत गोळा झाले होते.

शिवानी तिच्यासमोर खाली बसली. "माझ्यामुळं झालं, आत्या. मीच बर्फ..."

रत्नम्मानं तिचं मनगट पकडलं. दुसऱ्या हातानं सोमेशला जवळ ओढलं. मग स्टेजकडं बोट केलं.

"न्हाई आत्या," सोमेश म्हणाला. "त्या पावण्या हायत. त्यांना कसं..."

"मी गाते," शिवानी म्हणाली.

"तुम्हाला सगळी कडवी येतेत?"

"पाच येतात. पुढची तुम्ही कानात सांगा."

"स्टेजवर? कानात?"

"का? लाजता का?"

सोमेशनं दिमडी उचलली. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

सूर्य बुडायच्या आत त्यांची पाळी आली. मलप्पांनी माइकवरून रत्नम्माचं नाव घेतलं, तिला स्टेजवरच खुर्ची दिली आणि ही तिचीच गाणी आहेत असं सांगितलं. शिवानी माइकसमोर उभी राहिली. समोर गावातली माणसं, शिटी वाजवणारी पोरं, पदरानं वारा घेणाऱ्या बाया. दिमडी वाजली. तिनं पहिला प्रश्न विचारला, आवाज जरा वर गेला, मग जागेवर आला.

सोमेश खाली बघून उत्तरं देत होता. पाच कडवी झाली. सहाव्याला तो तिच्याकडं झुकला, कानाशी ओळ सांगितली, आणि ती ओळ गाण्याआधी शिवानी जरा थबकली.

"पाणी दिलं, तरी पावणा जाईना का?"

सोमेशनं वर बघितलं. दिमडीचा एक ठोका चुकला.

"तहान दुसरी हाय, तुला कळंना का..."

बायांच्या घोळक्यात हशा पिकला. रत्नम्मा खुर्चीत ताठ बसून हातानं ताल देत होती आणि तिचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते.

टाळ्या झाल्या. लोकांनी रत्नम्माच्या पाया पडायला गर्दी केली. तिचे डोळे भरून आले होते. खाली उतरल्यावर एका बाईनं शिवानीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"जोडा लई गोड हाय बगा. कवा झालं लगीन?"

"न्हाई न्हाई," सोमेश घाईनं म्हणाला. "तसलं काय न्हाई. त्यांचं पुण्याला ठरलंय."

एवढं बोलून तो दिमडी घेऊन निघून गेला. शिवानी तिथंच उभी राहिली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तरी तिला ते आवडलं नाही.

त्या रात्री तिघी बाया मलप्पांच्या घरी मुक्कामाला राहिल्या, सोमेश शाळेत इतर कलाकारांबरोबर. सकाळी मेकॅनिक जीप घेऊन आला. सोमेशनं आत्याची पिशवी जीपमध्ये ठेवली, अंजूला नमस्कार केला, शिवानीला नमस्कार केला.

"लई उपकार झाले तुमचे."

"बस? एवढंच?"

"अजून काय..."

"काल माणसांसमोर एवढं बोलत होतात. आज शब्द संपले?"

"ते गाणं होतं," सोमेश म्हणाला.

"सगळं गाणंच होतं?"

तो जीपच्या टपावर हात ठेवून रस्त्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू का शिवानीताई..."

"ताई म्हणू नका."

"बरं. खरं सांगतो. माझ्यासाठी लई पोरी बघितल्या. एकीनं तोंडावर सांगितलं, पोरगा चांगलाय, पर शेती करतो, गावात ऱ्हातो. बाकीच्यांनी मध्यस्थाजवळ सांगितलं. राग न्हाई कुणाचा. पर आता विचारायचंच बंद केलंय मी. आन तुमच्यापुढं तर पुणं उभं हाय."

"माझ्यापुढं तुम्ही उभे आहात," शिवानी म्हणाली.

अंजूनं पाण्याची बाटली उघडली, काही न पिता बंद केली आणि रत्नम्माला घेऊन चार पावलं लांब गेली.

"तुमच्याकडं, उदगीरला... फिजिओथेरपीचा दवाखाना चालेल का?"

सोमेशनं प्रश्न अगदी मनावर घेतला. "चालंल की! न चालायला काय झालं? आमच्या गावात अर्ध्या बायांचे गुडघे गेलेत. मिलवरच्या हमालांच्या पाठी तर... मलप्पाकाकाचा खांदा..."

"मी गुडघ्यांचं विचारत नाहीये, सोमेश."

तो थांबला. त्याला समजायला एक क्षण लागला. समजल्यावर त्यानं टपावरचा हात काढला, कुठं ठेवावा ते न कळून पुन्हा तिथंच ठेवला.

"तुम्ही... विचार करून बोलून राहिल्या का?"

"कालपासून करतेय. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. मला वाईट वाटेल, पण मी गाडी चालवत नांदेडला जाईन."

"नको कशाला म्हणू? काल तुम्ही काच खाली केली तव्हापासून..." त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. "मला तुम्ही लई आवडल्या. बस. एवढंच येतंय मला."

शिवानीनं फोन काढला. नांदेडला संगप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला. रविवार होता, ते वाटच बघत होते.

"अप्पा, पुण्याच्या माणसांना नाही म्हणून कळवा. हात जोडून सांगा, त्यांचं काही चुकलं नाही."

"मग चुकलं कुणाचं?" संगप्पांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"मला एक मुलगा आवडलाय. उदगीरकडचा आहे."

संगप्पांनी दुकानातल्या माणसाला थांब म्हटलेलं ऐकू आलं.

"काय करतो?"

शिवानीनं फोन सोमेशपुढं धरला. "सांगा."

सोमेशनं दोन्ही हातांनी फोन घेतला. त्याची पाठ आपोआप सरळ झाली.

"शरणु अप्पाजी, नमस्कार करतो. मी सोमेश. मी... शेती करतो. गावातच ऱ्हातो."

शिवानी फोनजवळ सरकली. मग संगप्पा म्हणाले, "आमचे वडीलबी शेतीच करत होते. तूर येती का तुमच्याकडं?"

"येती की. यंदा चांगली झाली."

"हं." संगप्पा खाकरले. "फोनवर पोरगी देत नसतेत बाबा. घरच्या माणसाला घेऊन या. बसू, बोलू. कधी येता?"

सोमेशनं शिवानीकडं बघितलं. तिनं गाडीची किल्ली वर धरून हलवली.

"आजच येतो," सोमेश म्हणाला.