आत्याच्या गिटारचा भाव

"हिला पॉलिश कुठलं लावू?" असं विचारतच तो दुकानात शिरला. वाद्यं दुरुस्त करत बसलेल्या तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याच्या काखेत एक आखूड, जाडजूड गिटार होती – मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी दांडी फिरवत वाजवायची, जुनी लॅप स्टील.

"कुठलंच नको," ती म्हणाली. "जुनं वार्निश निघालं की निम्मा भाव गेलाच म्हणून समजा. विकायचीय?"

"आत्याची आहे. तिची बोटं आता ऐकत नाहीत. म्हणाली, वाजवणाऱ्याच्या हातात जाऊ दे, पण योग्य भावात. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

हे त्याने इतकं सरळ सांगितलं की तिला हसू आलं. हसता हसता तिने वर पाहिलं आणि... झालं! एरवी ती भाव सांगून गिऱ्हाइकाला झटपट वाटेला लावायची. आज तोंडून भलतंच निघालं.

"आमच्याकडे पद्धत आहे. मालकाने वाजवून दाखवल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही."

"पण मला वाजवता –"

"शिकवीन की."

अशी पद्धतबिद्धत काही नव्हती. मागच्या टेबलावर वायरला डाग देत बसलेल्या बाबांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं आणि ते पुन्हा कामाला लागले.

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. दांडी जोर लावून दाबायचा.

"दाबू नका. नुसती टेकवा."

"एवढी?"

"अजून हलकी..."

ती त्याच्या मनगटाला बोट लावायची आणि मग दोघंही उगीचच तारांकडे बघत बसायची. भाव तर तिच्या मनात पहिल्याच दिवशी पक्का झाला होता. तो सांगितला की हा जाणार, म्हणून ती रोज एखादा नवा धडा काढायची.

एकदा तो बसलेला असतानाच एक गृहस्थ व्हायोलिन घेऊन आले. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, भाव सांगितला आणि गृहस्थ गेले.

"त्यांनी वाजवून नाही दाखवलं," तो म्हणाला.

ती कानापर्यंत लाल झाली. "नाही. कारण तशी पद्धतच नाही. तुम्ही लगेच गेला असतात, म्हणून थाप मारली. पण भाव खरा सांगते. तारांचा आवाज पकडणारा पिकअप मूळचा, वार्निश मूळचं, एक बटण तेवढं बदललंय, त्याचे कमी धरलेत." तिने आकडा सांगितला. "याहून कमी कुणी देऊ लागला तर सरळ उठून या."

त्याने गिटार पेटीत ठेवली, आभार मानले आणि तो गेला. संपलं, असं तिला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात उभा. हात रिकामे.

"गेली गिटार. तुम्ही सांगितलेल्या भावात, एका संगीतशिक्षिकेकडे. आत्या खूश आहे."

"मग आज... काय काम?"

"काहीच नाही. इतके दिवस निमित्त शोधत होतो. घरात दुसरं एक वाद्य नाही हो! शेवटी म्हटलं, तसंच जावं. मला तुम्ही आवडता, एवढंच सांगायचं होतं. चालेल?"

ती नुसतीच ॲप्रनची गाठ सोडत राहिली.

"चालेल म्हण की गं पोरी," मागून बाबा ओरडले, "मला दुकान बंद करायचंय!"

"चालेल," ती म्हणाली.