टाकीएवढाच

“मासा टाकीएवढाच वाढतो, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, भाऊजी? मग आता बघा डोळे फाडून. आणि घेऊन जा.”

“वहिनी, विकलेला माल मी परत घेत नाही.”

“सख्ख्या भावाला पण मालच विकलात, हे बरं लक्षात आहे. मासा घेतल्याशिवाय आज पाऊल बाहेर पडणार नाही तुमचं. बाहेरून कडी घालीन.”

काचवाल्याने तोंड वाकडं केलं. त्याचं दुकान माशांच्या टाक्यांचं. काच कापायची, सिलिकॉनने सांधे भरायचे, पाणी भरून बघायचं, आणि जोडीला बोटभर पिल्लू गळ्यात मारायचं. ते पुढे पुरुषभर होतं, हे गिऱ्हाईकाला सांगायचं नाही. “टाकीएवढाच वाढतो” म्हटलं की बाई खूश, बुवा खूश. मासा कोंडून, पाठीत वाकून मरायचा आणि गिऱ्हाईक नव्या पिल्लासाठी दारात हजर. शुद्ध थाप. पण त्याची चूल त्या थापेवरच पेटत होती.

दादाचा मासा मात्र मेला नाही.

काचवाला आतल्या खोलीत गेला. ओल्या लोखंडासारखा वास होता. त्यानेच दोनदा मोठी करून दिलेली टाकी पलंगाला खेटून उभी होती. तिच्यात पाणी कमी आणि मासाच जास्त. नाक या काचेला, शेपूट त्या काचेला. पाठ सुतात, कुठे वाक नाही. पहिल्या टाकीत असाच बसला होता, दुसरीतही. मापाने शिवल्यासारखा. काचवाला चिडला. घाबरला की चिडायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं.

“घर म्हणायचं का हे? उंदीर मेलाय कुठेतरी.”

दादा टाकीसमोर स्टुलावर बसला होता. त्याने मान वळवली नाही. “उद्या तळ्यात सोडतो याला.”

“ज्या तळ्याचं पाणी सगळे पितात, त्यात? अक्कल गहाण टाकलीस काय?”

“मग तू ने.”

“ठेवू कुठे? डोक्यावर?”

“बिचारा तुझ्या शब्दाला जागतोय रे,” दादा म्हणाला. “माणसं नाही जागत. टाकीएवढा होतो आणि थांबतो. तळ्यात कुठे थांबेल, तेवढंच बघायचंय मला.”

तेवढ्यात काच करकरली.

काचवाल्याने सांध्यावर बोट फिरवलं. त्याचं सिलिकॉन आतल्या बाजूने सुटत होतं, संत्र्याची साल निघावी तसं. त्याने दादाला कॉलरला धरून फरफटत बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. मागे काच फुटली. पाणी धाडकन दारावर आदळलं. त्या आवाजासरशी वहिनी घराबाहेर पळाली.

दाराखालून पाणी यायला लागलं. काचवाल्याच्या पिशवीत सिलिकॉनची नळी कायम असायची. पुढचं हातांनीच केलं. फट पुसली, नळी टेकवली, चौकटीभोवती सलग रेघ ओढली, अंगठ्याने दाबली. ओल्यावर सिलिकॉन धरत नाही. आज धरलं. थेंब थांबला. इतका साफ सांधा त्याने आयुष्यात भरला नव्हता.

“काय केलंस हे?” दादा हळूच म्हणाला. “खोलीची टाकी केलीस.”

आत कपाट सरकलं. सावकाश, भिंतीपर्यंत.

मग पलंग. समोरच्या भिंतीपर्यंत.

दारावरच्या काचेतून उजेड येत होता, तो बुजत गेला. काचेमागे एक डोळा येऊन टेकला. ताटाएवढा. दादाकडे त्याने बघितलंच नाही. काचवाल्याकडे बघत राहिला.

मग सगळं शांत झालं. मासा मापात बसला होता.

काचवाला पाठ न वळवता मागे मागे सरकला. हाताला बाहेरचं दार लागलं. ढकललं. उघडेना.

“वहिनी, कडी काढा.”

“मासा घेतलात?”

“वहिनी, थट्टा नाही ही.”

“मी कुठे थट्टा करतेय?”

आतल्या चौकटीवरून सिलिकॉन सुटायला लागलं. चर्र. थोडं थांबून पुन्हा चर्र.

दादा उठला होता. घराच्या खिडक्या लावत होता. एकेक करून, निगुतीने, कुठे फट राहिली नाही ना ते बोटाने चाचपून.

“वहिनी,” काचवाला दाराला तोंड लावून म्हणाला, “मला निघायचंय. आत्ता.”