शनिवारचा फोन

आमची पहिली भेट सांगायची म्हणजे मला अजून लाज वाटते. एंडोस्कोपीच्या खोलीतून मास्क लावलेला टेक्निशियन बाहेर आला आणि त्यानं माझ्या हातात एक डबी ठेवली. आत बाबांची कवळी.

"सांभाळा हं... त्यांना परत हसायचंय."

डोळे तेवढे दिसत होते त्याचे. पण माझं लक्ष कुठे होतं? बाबा हळदीसारखे पिवळे पडले होते. पित्तनळीत खडा अडकलेला, अंगात ताप.

तासाभरानं डॉक्टरांनी सांगितलं, खडा मोठा आहे, निघाला नाही. पित्ताला वाट मिळावी म्हणून नळीत स्टेंट बसवलाय. तीन महिन्यांनी दोन्ही काढू. तोवर स्टेंट तुंबला, तर जिवावर बेतू शकतं. टेक्निशियननं माझा नंबर वहीत लिहून घेतला. लोक स्टेंट चक्क विसरतात म्हणे, म्हणून फोन करावा लागतो.

शनिवारी फोन आला. ताप? थंडी? डोळे पिवळे? मी बाबांना खिडकीशी नेऊन डोळे बघितले, नाही म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. सातव्या शनिवारी बाबांना कणकण होती, तर म्हणाला, आत्ताच्या आत्ता आणा. साधी सर्दी निघाली, पण रिपोर्ट येईपर्यंत तो माझ्याशेजारी उभा होता. मग मी जेवले का, झोपले का, हेही विचारायला लागला. पेशंट मी आहे का, असं मी फणकाऱ्यानं विचारलं.

"पेशंटचा आवाज ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुमचाच बसलाय."

शनिवार आला की बाबा फोन माझ्याकडे सरकवायचे. माझ्या नळीची चौकशी आली बघ, म्हणायचे.

तीन महिन्यांनी तेच दार, मुठीत तीच डबी. घड्याळ काही सरकेना. शेवटी तो मास्क काढत बाहेर आला.

"खडा निघाला. नळी मोकळी. आता स्टेंट नको."

मी बाकावर बसून रडले. बाबा सुटले... आणि लगेच काळजात चर्र झालं. आता शनिवारी काय?

तेवढ्यात सिस्टर वही घेऊन आल्या, बाबांच्या नावावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "आठवणीचा फोन आला होता ना? तारखेच्या आधी एकच करतो आम्ही, पण न चुकता."

एकच? मी बारा मोजले होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"बाकीचे... मीच केले," तो म्हणाला. "राहवत नव्हतं."

मी डबी त्याच्या हातात दिली.

"ही आधी आत द्या. हे ऐकलं की बाबांना हसायला कवळी लागेल. आणि या शनिवारी फोन मी करणार."