गुंतवळाची पिशवी

"माझ्या सुनेचे केस चोरीला गेले," असं म्हणत नर्मदाबाई हिंगोलीतल्या त्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात शिरल्या, आणि बालाजीचा हात आपसूक स्वतःच्या टकलाकडे गेला.

पाटीवर 'खाजगी तपास' असं होतं. प्रत्यक्षात मंजुषाच्या तपासाचा मोठा भाग म्हणजे लग्नाआधीच्या चौकशा: मुलगा पितो का, मुलीचं वय खरं का. बालाजी तिचा मदतनीस. मोटारसायकल चालवणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही त्याची दोन कामं, आणि दोन्ही तो जीव ओतून करी.

नर्मदाबाई साठीच्या, शिरड शहापूरच्या, हळदीच्या शेतीवाल्या. त्यांनी टेबलावर काचेची बाटली ठेवली.

"यात विष हाय. शकुबाईनं दिलेलं."

"कोण शकुबाई?"

"केसावर भांडे देणारी."

एवढ्यावर मंजुषाला समजलं. गावच्या बाया रोज विंचरल्यावर फणीत अडकलेलं गुंतवळ फेकत नाहीत. बोटाला गुंडाळून पिशवीत साठवतात. काही महिन्यांनी टोपली घेऊन बाई येते, केस तोलून घेते, बदल्यात वाटी नाहीतर डबा देते.

"जितके गळतील तितका तिचाच फायदा," नर्मदाबाई म्हणाल्या. "दहा दिवस झाले, राधिकाला तेल दिलं. अन् आता मूठमूठ केस. कमरेखाली वेणी होती मॅडम! बाया थांबून पाहायच्या. आता उंदराचं शेपूट राहिलं."

"शकुबाई काय म्हणते?"

"तोंडाला कुलूप. निर्दोष माणूस गप बसतं का?"

"नाही बसत," बालाजी ठामपणे म्हणाला.

"परवा सकाळी पारावर बैठक हाय. पोलीस म्हणले, पुरावा आणा. आणला तर ठाण्यात, न्हाई तर गावबंदी. तिची टोपली तर लोकांनी विहिरीत टाकलीच."

मंजुषाने बाटलीचं बूच काढून हुंगलं. मेथी, कलौंजी, खोबरेल. तिनं ती बालाजीपुढे धरली. कांद्याचा रस, भृंगराज, टीव्हीवरचा एक फवारा आणि कळमनुरीच्या बाजारातलं एक काळं मलम एवढं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. मागं काहीच उरलं नव्हतं.

"लावून बघ. तुझं बिघडण्यासारखं काही नाही."

बालाजीने दुखावलेल्या चेहऱ्याने चमचाभर तेल चोळलं.

*

राधिका चोवीस वर्षांची. डोक्यावरचा पदर काढायला तयार होईना. काढला तेव्हा मंजुषाने भांग पाडून पाडून नीट पाहिलं. केस सगळीकडून सारखे विरळ झाले होते. चाई असती तर गोल, गुळगुळीत चट्टे दिसले असते. नायटा असता तर खवले. दोन्ही नव्हतं. मग तिनं राधिकाच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतून पांढरीफटक.

"गरगरतं का?"

"उन्हानं," राधिका म्हणाली.

"तेल तुला तिनं आणून दिलं, की तू मागितलंस?"

राधिकाने सासूकडे पाहिलं. "दिलं," ती म्हणाली. मग खाली बघून, "मागितलं."

नवरा शिवप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. भला माणूस, बायकोच्या केसांबद्दल चार बायांसमोर बोलायची त्याला लाज वाटत होती.

"आजारी होती का मधे?"

"न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "हळद शिजवायच्या वक्ताला पाठीत उसण भरली, आठ दिवस पडून होती. तेवढीच तकलीफ."

"तेव्हा घरी कोण होतं?"

"कोणीच न्हाई. आमी सगळे शेतात, कढईपाशी."

शेजारच्या रूपाबाईंना विचारावं लागलं नाही. त्या कुंपणावरून आपणच बोलल्या. गावातल्या प्रत्येक घराची नोंद त्यांच्या डोक्यात होती, फक्त स्वतःच्या घराचं पान कोरं.

"मी पाहिली ना शकुबाई! हळद शिजून राहिली होती तवा चार दिवस, रोज दुपारची इथं. कोणाकडं केस न्हाईत; संक्रांतीलाच समद्यांनी पिशव्या रिकाम्या केलेल्या. मग काहून आली? घर हेरायला!" आवाज खाली आला. "पोरीचं नशीबच फुटकं बघा. दोनदा पोटातलं गेलं. नर्मदाबाईची नणंद तर म्हणते, शिवाला दुसरी करा. आता केसबी गेले."

बालाजीने वहीत 'चार दुपारी' च्या खाली दोन रेघा मारल्या.

निघताना मंजुषाने गुंतवळाची पिशवी मागितली. राधिकाने ती दारामागच्या खिळ्यावरून काढून दिली, तांब्या उचलला आणि परसाच्या कोपऱ्यात पाणी ओतून आली.

"ताई," बालाजी कुजबुजला, "तिथं काही लावलंच नाही. उगंच माती भिजवते."

मंजुषा थांबली. बघत राहिली.

*

शकुबाई गावाबाहेरच्या झोपडीच्या दारात बसली होती. पुढ्यात टोपलीखालची चुंबळ, टोपलीशिवाय. तिच्या स्वतःच्या केसांना त्याच मेथीच्या तेलाचा वास होता.

"मावशी, राधिकाने तेल का मागितलं?"

शकुबाईने चुंबळ मांडीवर घेतली.

"हळदीच्या दिवसांत चार दुपारी तिथं काय करत होता?"

"बसले होते."

"कशासाठी?"

"ऊन होतं."

"परवा गावातून काढतील तुम्हाला."

"काढू द्या." शकुबाईने चुंबळ उलटीपालटी केली. "चाळीस वर्षं बायांचे केस उचलले, बाई. एका दारचं दुसरं काही उचलून दुसऱ्या दारी नेलं न्हाई."

मोटारसायकलपाशी येईपर्यंत बालाजीचा तपास संपला होता. "गुन्हेगार हीच. डोळ्याला डोळा देत नाही."

"तुझं डोकं कसं आहे?"

"थंड वाटतंय."

"मग विष बरं आहे."

*

ऑफिसात वर्तमानपत्र पसरून मंजुषाने पिशवीतून एकेक गुंडाळी काढली. सगळ्यात वरची आधी, खालची शेवटी. दिवसाला एक.

"मोज."

बालाजीने मोजलं. वरच्या पंचवीस लिंबाएवढ्या. त्यातल्या पहिल्या दहा तेलकट, मेथीच्या वासाच्या. पुढच्या पंधरा कोरड्या. त्याखाली शंभरच्या वर, बोराएवढ्या. मंजुषाने मोठ्या गुंडाळ्यांतले केस भिंगाखाली धरले. प्रत्येकाच्या एका टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका.

दुसऱ्या दिवशी तिनं राधिकाला हिंगोलीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी केस पाहिले, रक्त तपासायला दिलं आणि विचारलं, "तीन-चार महिन्यांपूर्वी मोठा ताप? ऑपरेशन? बाळंतपण? खूप रक्त गेलं होतं?"

"न्हाई," राधिका म्हणाली आणि दाराकडे पाहिलं. दाराबाहेर नर्मदाबाई बसल्या होत्या.

संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्तात लोह तळाला गेलेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, डाळ, अंडी, पालेभाजी सांगितली. "तेलांवर, फवाऱ्यांवर खर्च करू नका. मूळ जिवंत आहे. सहा महिने धीर धरा, उगवतील." बालाजीने चाचरत आपलंही डोकं पुढे केलं. डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांचं कसं होतं?" "असंच." "मग तुमचा प्रकार वेगळा. औषध आहे, पण ते लावत राहाल तोवरच काम करतं, आणि सुरुवात दहा वर्षांपूर्वी करायला हवी होती."

बसस्थानकावर नर्मदाबाई पाणी आणायला गाडीतून उतरल्या, तेवढ्यात मंजुषाने राधिकाला एवढंच सांगितलं, "उद्या मी तेलापर्यंत बोलणार. त्यापुढचं तुझं."

राधिकाने गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधली.

*

बैठकीआधी तासभर मंजुषाने सगळ्यांना नर्मदाबाईंच्या ओसरीवर बसवलं. शकुबाईला बालाजी घेऊन आला. ती खांबापाशी, जमिनीवर बसली. मंजुषाने जुनं लुगडं अंथरून गुंडाळ्यांची रांग लावली, संक्रांतीपासून परवापर्यंत.

"नर्मदाबाई, ही तुमच्या सुनेच्या डोक्याची वही. रोजची नोंद, तिच्याच हातची. या लहान गुंडाळ्या कोणाच्याही घरी निघतात. इथून एकदम मोठ्या होतात. पंचवीस दिवस झाले. आता हुंगा."

नर्मदाबाईंनी हुंगलं. "वास न्हाई."

"वास कुठून सुरू होतो?"

त्या गुडघ्यांवर पुढे सरकत गेल्या. पंधरा गुंडाळ्या ओलांडून थांबल्या. "इथून."

"म्हणजे केस आधी गळू लागले, तेल पंधरा दिवसांनी आलं. गळायला लागले म्हणूनच तिनं मागितलं. तुम्ही बाटली पाहिली तेव्हा केसांकडं लक्ष गेलं, म्हणून दोन्ही एकदम झाल्यासारखं वाटलं. आणि हा पांढरा ठिपका बघा. हे केस जळलेले नाहीत, तुटलेले नाहीत. मुळाने स्वतःहून सोडलेले आहेत. हेच तेल शकुबाई स्वतः लावते. बालाजीनेही लावलंय."

"दोन दिवस," बालाजीने डोकं पुढे केलं. "होतं तेवढं सगळं आहे."

कोणी हसलं नाही.

"बराबर," रूपाबाई म्हणाल्या. "पण मग त्या चार दुपारी? केस नव्हते, तर ही काहून येत होती? ते सांगा आधी!"

मंजुषाने राधिकाकडे पाहिलं. शकुबाई खांबाकडे बघत राहिली. शिवप्रसादने घड्याळ पाहिलं. पारावर माणसं जमू लागली होती. त्यांना काहीतरी उत्तर न्यावं लागणार होतं, आणि तेलाच्या उत्तराने त्या चार दुपारी पुसल्या जात नव्हत्या.

"माझ्यासाठी," राधिका म्हणाली.

"गप, लेकी," शकुबाई पुटपुटली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती.

"न्हाई मावशी. लई झालं." राधिकाने पदर डोक्यावरून खाली पडू दिला. "मॅडम, तुमाला कळलंय. तुमी सांगा. मला सांगवत न्हाई."

मंजुषाने आवाज खाली आणला.

"शरीराला मोठा धक्का बसला, खूप रक्त गेलं, की केस लगेच गळत नाहीत. ते वाट बघतात. तीन महिने. मग एकदम सोडून देतात. म्हणून कोणालाच कारण आठवत नाही. राधिकाचे केस वैशाखात गळायला लागले. मागे मोजलं की हळद शिजवायचे दिवस येतात. तेव्हा ती आठ दिवस पडून होती. उसणीने माणूस वाकतं, पांढरंफटक पडत नाही. त्याच दिवसांत शकुबाई चार दुपारी आली, घेण्यासारखं काही नसताना. घ्यायला आलीच नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा राधिका नाही म्हणाली, पण दाराबाहेर कोण आहे ते बघून. आणि रोज ती परसात पाणी घालते. तिथं काहीही लावलेलं नाही."

नर्मदाबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालत होता. वैशाख. चैत. फागुन. माघावर येऊन थांबला.

"शकुबाई," त्या म्हणाल्या, "तू दारात आलीस तवा..."

"पोरगी न्हाणीत पडलेली, वैनी. पाणी मागाया आले होते मी. दवाखान्यात चल म्हणले, लई म्हणले. पाय धरले तिनं. शपथ घातली, कोणाला सांगू नको. मग मीच..." तिनं परसाकडे मान वळवली. "फडक्यात गुंडाळून, त्या कोपऱ्यात मातीआड केलं. चार दिवस कांजी पाजली. दुसरं काय करणार?"

"टोपली गेली, गाव चाललं होतं, तरी बोलली न्हाईस?"

"शपथ होती ना."

रूपाबाई उठल्या. पायऱ्या उतरल्या, आणि कुंपणाच्या पलीकडेही त्यांचा आवाज आला नाही. शिवप्रसाद उंबऱ्यावरच खाली बसला. त्याच्या हातातली मोटारसायकलची किल्ली कधी गळाली ते त्याला कळलं नाही.

"मला काहून न्हाई सांगितलं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"तिसरी खेप होती, आत्याबाई."

"कितवा महिना होता?"

"चौथा." राधिकाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाचव्यात सांगणार होते. या वेळेस राहील वाटलं होतं."

नर्मदाबाईंनी रांगेतल्या एका गुंडाळीवरून बोट फिरवलं. "माझे बी केस गेले होते असेच," त्या म्हणाल्या. "शिवाच्या आधी. सासू म्हणाली, विहिरीचं पाणी बदललं म्हणून. मीबी व्हयच म्हणलं." मग मुलाकडे वळल्या. "शिवा, ऊठ. पारावर सांग, बाईचा काही दोष न्हाई. अन् गळ घेऊन विहिरीवर जा, टोपली काढ तिची. तुझ्या आत्याला सांग, दुसरीची गोष्ट या घरात पुन्हा निघणार न्हाई."

शिवप्रसाद उठला. जाताना राधिकापाशी थांबला. काय करावं ते त्याला सुचेना. लुगड्यावरची एक गुंडाळी रांगेतून सरकली होती, ती त्याने उचलून नीट जागेवर ठेवली, आणि गेला.

मंजुषाने बालाजीला खूण केली. दोघं अंगणात आले. बालाजीने वही काढून 'चार दुपारी' खालच्या दोन रेघा खोडायचा प्रयत्न केला; शाईची होती, गेली नाही.

मागं वळून पाहिलं तर नर्मदाबाई परसात उतरल्या होत्या. हातात तांब्या होता. कोपऱ्यापाशी त्या वाकल्या आणि कोरड्या मातीवर सावकाश पाणी घातलं. राधिका मागं उभी होती, उघड्या डोक्याने.

पाणी मातीत मुरेपर्यंत दोघी तिथंच होत्या. या खेपेला बालाजीने काही विचारलं नाही.