वकीलसाहेबांची विश्रांती

वर्गात तिला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. ब्रशचा दांडा डोळ्यासमोर धरून तिनं घेतलेलं माप सहसा चुकत नसे. चुकलंच तर कागद वाकडा होता, असं ती खुशाल सांगायची!

मास्तरांचा नियम एकच. खिडकीशेजारी लावलेलं म्हाताऱ्या वकिलाचं तैलचित्र, जुन्या काळच्या एका नामांकित चित्रकाराच्या हातचं, हुबेहूब उतरवायचं. ते जमल्याशिवाय जिवंत माणूस समोर बसवायचा नाही. त्या एका चित्रापायी बाकीच्यांची वर्षं गेली होती. तिला तेवढी सवड नव्हती. लहानपणापासून तिला सांभाळणाऱ्या आत्याला तिच्या हातचं आपलं चित्र हवं होतं, आणि डॉक्टर आत्याबद्दल आता पुढच्या वर्षाचं बोलतच नव्हते.

"होईल गं तुझं, घाई करू नकोस," आत्या म्हणायची. आणि लगेच, "केस बांधून बसू की मोकळे ठेवू?"

चित्र भराभर पुढे सरकलं. फक्त वकिलाचा डावा खांदा जुळेना. सकाळी घेतलेलं माप दुपारी खोटं ठरे.

"बसून कंटाळलेला माणूस खांदा पाडतो," मास्तर कुरकुरले. "हा बाबा कॅनव्हासवर आहे. नीट बघ जरा."

नीट बघ, आणि हे तिला सांगायचं! तिनं खांद्याच्या रेषेत मूळ चित्राच्या चौकटीवर पेन्सिलीची बारीक खूण केली. दुपारी खांदा खुणेच्या खाली होता. तिनं दोन पावलं मागे येऊन पुन्हा मोजलं. पण माप ते माप.

"दमलात का, वकीलसाहेब?" ती उसनं हसत म्हणाली. "घ्या थोडी विश्रांती."

तिनं चित्रावर कापड टाकलं, दाराला कुलूप घातलं आणि खाली जाऊन चहा घेतला. परत आली तेव्हा खांदा पुन्हा खुणेवर होता.

मग ती रोज विश्रांती देऊ लागली. भीतीचं काय, तीही अंगवळणी पडते. काम झपाट्यानं झालं. राहिलं फक्त तोंड. काही केल्या ते त्या माणसाचं होईना. नुसतं गोडगोड होई.

मास्तर पाहणी करणार होते त्या दुपारीही ती चहा पिऊन आली, कुलूप काढलं आणि दारातच थबकली. तिच्या कॅनव्हासवर ओल्या ओठाचा कोपरा कुणीतरी अंगठ्यानं खाली ओढला होता.

"कोण मेलं हात लावून गेलं?" ती ओरडली.

खोलीत कुणीच नव्हतं. मूळ चित्रावरचं कापड तसंच होतं.

मग तिनं नीट पाहिलं. तो चेहरा एव्हाना तिला पाठ होता. ओठ बरोबर झाला होता. हट्टी, थोडासा दुखावलेला म्हातारा तिच्याकडे बघत होता. रडू यावं इतका बरोबर.

मास्तर आले. तिच्या कॅनव्हासपाशी वाकून त्यांनी ओठ न्याहाळला.

"हे तोंड कुणी काढलं?"

आत्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला.

"मीच."

"बसव उद्यापासून आत्याला."

आनंदाच्या भरात तिनं पसारा आवरायला घेतला. ब्रश गोळा करता करता तिनं मान वर केली.

मास्तर चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून खिडकीपाशी गेले होते. त्यांनी कापड बाजूला सारलं. काठीवर टेकलेल्या वकिलाच्या अंगठ्याला ओला लाल रंग लागला होता.

जेवण झाल्यावर पोराचा हात पुसावा, तसा मास्तरांनी तो पुसला.

"हलू नका हं," ते हळूच चित्राला म्हणाले.